क्षितिजरेषा आणि राजाचं देवपण

जुहू चौपाटीवर एक प्रयोग करून बघा. आपल्याच उंचीच्या मित्राला समुद्राकडे पाठ करून सपाट वाळूत उभं करा, मोबाइल डोळ्यांसमोर धरा आणि फोटो काढा. क्षितिजाची रेषा त्याच्या डोळ्यांवरून जाईल. मग खाली बसून मोबाइल त्याच्या गुडघ्याइतका खाली आणा. आता रेषा गुडघ्यावर येते आणि त्याचं सगळं धड आभाळात जातं. क्षितिज कायम बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर राहतं, म्हणून असं होतं.

दरबारी चित्रकारांना ही भूमिती पक्की ठाऊक होती. क्षितिज राजाच्या गुडघ्याशी काढलं, की समोरचा माणूस आपोआप पायाशी बसल्यासारखा वर बघू लागतो. दादरच्या चौकातले नेत्यांचे उंच कटआउटही आपल्याला तसंच बघायला लावतात.

छतावरच्या चित्रात तर क्षितिजच नसतं, नुसतं आभाळ. लंडनमधल्या बँक्वेटिंग हाउसचं, म्हणजे राजवाड्यातल्या मेजवानीच्या दालनाचं, छत सुमारे ५५ फूट उंच आहे. तिथे १६३६ मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्सची नऊ तैलचित्रं बसवली गेली. मधल्या चित्रात दिवंगत राजा पहिला जेम्स गरुडासोबत स्वर्गात चालला आहे; गरुड म्हणजे ज्युपिटर देवाचा पक्षी. हे कॅनव्हास रुबेन्सने अँटवर्पमध्ये रंगवले, पण कल्पनेत तो लंडनच्या जमिनीवर उभा राहून वर बघत होता. म्हणून मांड्या आखूड, हनुवट्या पुढे आलेल्या. जवळून बेढब वाटतील अशी ही शरीरं खालून तरंगताना दिसतात. मला हे कौशल्य थक्क करतं, आणि ते कशासाठी वापरलं गेलं याची भीतीही वाटते. ही चित्रं करवून घेणारा जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स, राजा फक्त ईश्वराला जबाबदार असतो असं मानत होता. मशालींच्या धुराने चित्रं खराब होतील म्हणून त्याने तिथले नाट्यसोहळे थांबवले. ३० जानेवारी १६४९ रोजी याच दालनातून त्याला वधस्तंभाकडे नेण्यात आलं.

मुघल चित्रकारांची अडचण निराळी होती. हातात धरून बघायच्या पानाकडे माणूस वरूनच पाहतो. मग देवपण आणायचं कसं? बिचित्रने १६१५ ते १६१८च्या सुमारास जहांगीराच्या मस्तकामागे सूर्य आणि चंद्रकोर मिळून भलंमोठं तेजोवलय काढलं, त्याला वाळूच्या घड्याळावर बसवलं आणि बाकीच्यांना लहान करून एकाखाली एक उभं केलं. सर्वांत वर सूफी शेख, त्याखाली ऑटोमन सुलतान, त्याखाली इंग्लंडचा तोच पहिला जेम्स आणि तळाशी खुद्द बिचित्र.