हाडं विरघळतात, विमान उरतं

खानापूरच्या वाचनालयात माझं जांभ्या दगडावरचं भाषण संपलं आणि मागच्या बाकावरचे एक निवृत्त सुभेदार उठून उभे राहिले. त्यांचे चुलते 1944 साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर, डाकोटा विमानातून रसदीची पोती खाली ढकलायच्या कामावर होते. एक दिवस विमान परतलंच नाही. "काय ओ सर, ऐंशी वर्षं झाली. विमान गंजून माती झालं असेल, पण हाडं तरी गावतील की?"

बहुतेकांची समजूत हीच असते, आणि ती नेमकी उलटी आहे.

आसामहून चीनमधल्या कुनमिंगला हिमालयावरून सामान नेणारा हवाई मार्ग 1942 ते 1945 चालला. वैमानिक त्याला 'हंप' म्हणत, म्हणजे वशिंड. त्या मार्गावर सुमारे 600 विमानं कोसळली किंवा बेपत्ता झाली. त्यातल्या कित्येकांचा माग पुढे हौशी शोधकांनी काढला. 25 जानेवारी 1944 ला अरुणाचलात दामरोहजवळच्या डोंगरात आदळलेलं बी-24 बॉम्बर क्लेटन कूल्स या अमेरिकन गिर्यारोहकाला 2006 साली सापडलं. आत आठ जण होते. अशा ठिकाणी पत्रा मिळतो, इंजिन मिळतं. अमेरिकेच्या बेपत्ता विमानांच्या अहवालांत इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक लिहिलेले असत, त्यामुळे क्रमांक कोरलेल्या एका पट्टीवरून विमान ओळखता येतं. माणसांचं मात्र फार थोडं हाती लागतं.

असं का होतं, ते मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या जांभ्यात दिसतं. हा जांभा मुळात काळा कातळ, बेसॉल्ट. पावसाचं पाणी हवेतला आणि कुजलेल्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. लाखो वर्षं त्या पाण्यानं कातळातलं कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, मग हळूहळू सिलिकाही नेलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम जागेवरच राहिलं, कारण त्यांची ऑक्साइडं अशा पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ॲल्युमिनियम भरपूर साठलं तिथं बॉक्साइट झालं. बेळगावच्या इंडाल कारखान्यात (नाव बदललं तरी आपल्या तोंडी इंडालच) ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड काढतात ते या बॉक्साइटपासूनच.

आता विमानाचा पत्रा घ्या. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. लोखंडाचा गंज पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचं लोखंड उघडं पाडतो. हा थर मात्र धातूला घट्ट चिकटतो आणि ओरखडा पडला की लगेच नवा तयार होतो. साधारण 4 ते 9 सामू (आंबटपणाचं माप, pH) असलेल्या ओलाव्यात तो टिकतो आणि जंगलातली माती बहुधा याच टापूत असते. विमानाच्या मिश्रधातूत मजबुतीसाठी सुमारे 4 टक्के तांबं घालत. तांब्यामुळे धातू झिजायला लागतो, म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचं पातळ अस्तर देत. त्या अस्तरामुळेच कित्येक पत्रे आजही चकाकताना दिसतात.

हाडाचं नेमकं याच्या उलट. त्याचा दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन जिवाणू खातात आणि आंबट पाणी कॅल्शियमला कातळातून नेलं तसंच हाडातून नेतं. कोंबडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, रबरासारखं वाकतं. शेवटी उरतात दात, कारण त्यांच्यावरच्या एनॅमलचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो.

सुभेदारांच्या घरी पूर्वी कौल लावून झाला होता, देवरुषीही झाला होता. तो म्हणाला, माणूस जिवंत आहे, पूर्वेला आहे. त्या एका वाक्यावर त्यांच्या आजीनं वीस वर्षं काढली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

दाताच्या आत डीएनए टिकू शकतो. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या मात्र शेकडो ते हजारो, म्हणून जुन्या अवशेषांत सापडण्याची शक्यता त्याचीच जास्त. तो फक्त आईकडून येतो. सुभेदारांनी विचारलं, जुळवून पाहायला माझं रक्त चालेल का? नाही चालणार. आजीनं तो चुलत्यांना दिला, सुभेदारांच्या वडिलांना दिला, आत्यालाही दिला. वडिलांकडून तो पुढे जात नाही, सुभेदारांकडे आहे तो त्यांच्या आईचा. म्हणजे पुतण्या बाद, भाचा चालतो. भाची तर त्याहून मोलाची, कारण तिच्या मुलांतही तो उतरतो. एवढ्यानं एकच एक माणूस ठरत नाही, तोच वाण असलेली इतर घराणीही असतात. पण विमानाच्या यादीत चार-पाच नावं असतील, तर त्यांतला कोण हे बहुधा सांगता येतं.

सुभेदार जरा वेळ गप्प राहिले. "आत्याची थोरली लेक नंदगडला दिलीय," ते म्हणाले. मग माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी कार्यक्रमाच्या पत्रिकेमागे तिचं नाव लिहिलं, आणि त्याखाली तिच्या दोन मुलींची.