कोंबडी लंगडतेय? आधी ती संध्याकाळी काय खाते ते बघा

कोंबडी लंगडायला लागली की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात, कुठेतरी उडी चुकली असेल नाहीतर कोणाची नजर लागली. मग पायाला काळा दोरा बांधायचा. मुंबईत आजही बरेच लोक कोंबड्या पाळतात, गोराई-मनोरीच्या गावठाणात, कोळीवाड्यांत, बैठ्या चाळींच्या मागे खुराडी दिसतात, आणि खायला काय पडतं तर उरलेला भात, चपातीचे तुकडे, भाजीची देठं. अंडी देणारी कोंबडी लंगडत असेल तर कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

साधा हिशोब करा. एका अंड्याच्या कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि अख्ख्या कोंबडीच्या अंगात ते असतं साधारण 20 ग्रॅम. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे अंगातला दहावा हिस्सा बाहेर! आणि 100 ग्रॅम शिजलेल्या भातात कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेळेची. कवच चढायला 18 ते 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, तेव्हा तर कोंबडी झोपलेली असते, दाणापाणी बंद. मग कॅल्शियम येतं कुठून? त्याचा मोठा हिस्सा थेट पायातून. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायच्या आधी तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन वाढतं आणि मांडीच्या नि तंगडीच्या हाडांच्या पोकळीत, जिथे मज्जा असते तिथे, एक वेगळंच जाळीदार हाड तयार होतं, त्याला म्हणतात मेड्युलरी बोन. हे वजन पेलण्यासाठी नसतंच, हा निव्वळ साठा. कोळ्यांच्या घरी पावसाळ्यासाठी सुक्या मासळीची बेगमी असते ना, तशी ही बेगमी, फक्त रोज रात्री काढायची आणि रोज दिवसा परत भरायची. (2005 मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासक मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-रेक्स डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात असंच हाड दिसल्याचं मांडलं, म्हणजे ही युक्ती किती जुनी असेल बघा.)

रात्री रक्तातलं कॅल्शियम खाली आलं की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं, ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात, कॅल्शियम रक्तात येतं आणि तिथून कवचात जातं. पण या पेशी फक्त साठ्याचं हाड खाऊन थांबत नाहीत, पायाचं मूळ मजबूत हाडही कुरतडतात. आणि हाड बांधणाऱ्या ज्या पेशी असतात, ऑस्टिओब्लास्ट, त्या इस्ट्रोजेन चढलेलं असेपर्यंत फक्त साठ्याचं हाड बांधतात, मूळ हाडाची झीज भरतच नाहीत. त्यामुळे होतं काय की अंडी बरेच दिवस छान येत राहतात, मालक निर्धास्त, आणि आत पाय पोकळ होत चाललेले असतात. अंडी थांबली की मगच मूळ हाड भरायला लागतं. गावठी कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते, तेव्हा तिला ही विश्रांती आपोआप मिळते, म्हणून लवकर अंडी मिळावीत यासाठी खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवणं मला अजिबात पटत नाही.

उपाय महाग नाही. तिसऱ्यांचे शिंपले आपण कचऱ्यात टाकतो ते धुवा, उन्हात वाळवा, जाडसर कुटा. पूड नको, पूड पोटातून भरकन पुढे सरकते. जाड तुकडे पेट्यात, म्हणजे कलेजीबरोबर मिळतो ना तो पेटा, तिथे अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे बरोबर हवं तेव्हा कॅल्शियम मिळतं. वेगळ्या वाटीत ठेवा, विशेषतः संध्याकाळी, कोंबडी स्वतः गरजेपुरतं खाते. पिल्लांना मात्र हे किंवा लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची किडनी खराब होते. आणि ऊन हवंच, कारण उन्हामुळे अंगात तयार होणारं व्हिटॅमिन डी3 नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. बंद काचेतून आलेलं ऊन चालत नाही, त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते.

नुसत्या पांढऱ्या भाताचा आणखी एक धोका आहे. 1890 च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या सुधारतात. तो व्हिटॅमिन बी1 चा अभाव होता, आणि 1929 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून. तेव्हा भातात थोडा कोंडा मिसळाच. दोन दिवसांत कोंबडी धावायला लावणाऱ्या टॉनिकचे मेसेज फिरतात, त्यावर पैसे घालवू नका.

सगळंच लंगडणं खाण्यामुळे नसतं हेही खरं. तळव्याला सूज आणि काळी खपली असेल तर तो जंतुसंसर्ग. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून कोंबडी पडली असेल तर मरेक्स हा विषाणूचा आजार असू शकतो, त्यावर औषध नाही, लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते. अशी कोंबडी लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा.