अँजिओ नॉर्मल आली म्हणजे बाईचं हार्ट ठीक, हे कोणी ठरवलं?

पुरुषांचं सगळ्यांना पाठ आहे. मोठ्या धमनीत चरबीचा थर, छातीवर दगड ठेवल्यासारखं, घाम, अँजिओ, ब्लॉकेज, स्टेंट, घरी. बायकांना हाच आजार सरासरी ७ ते १० वर्षं उशिरा गाठतो, पाळी गेल्यावर धोका वाढतो, डायबेटिस असला तर ही सवलत बरीचशी संपते. एवढं पुरे.

अजून एक, 'बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही' हे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. बहुतेकींना छातीतच होतं, फक्त जोडीला धाप, मळमळ, जबडा नाहीतर पाठ दुखणं हे पुरुषांपेक्षा जास्त, आणि ऐकणारा नेमकं तेवढंच ऐकतो न् ॲसिडिटी म्हणून मोकळा होतो.

खरा घोळ पुढेच आहे. जिना चढताना छाती दाटते, स्ट्रेस टेस्टमध्ये गडबड दिसते म्हणून अँजिओ करतात, मोठ्या धमन्या स्वच्छ निघतात, मग 'काही नाही हो, टेन्शन घेऊ नका' आणि फाइल बंद! अहो, अँजिओत दिसतात त्या मोठ्या नळ्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रक्तवाहिन्या त्यात दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त सोडायचं ते मुख्यतः त्याच ठरवतात. त्या नीट उघडल्या नाहीत किंवा आकसल्या तर दुखणारच, कालवा भरून वाहतोय म्हणून टेलच्या शेताला पाणी पोचलंच असं असतं का? पुरुषांतही हे होतं, पण बायकांत जास्त सापडतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'वाईज' अभ्यासाने दाखवलं की छातीत दुखणाऱ्या पण ब्लॉकेज नसलेल्या बायकाही निर्धास्त नसतात, त्यांनाही पुढे अटॅक वगैरेचा धोका राहतोच.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं, ब्लॉकेज नाही, मग दुखतंय कशाने? स्ट्रेस एमआरआय किंवा पेट स्कॅनने कळू शकतं, नाहीतर अँजिओच्या वेळीच तार घालून रक्तप्रवाह मोजता येतो, धमनीत औषध सोडून ती आकसते का तेही बघतात. सगळीकडे होत नाही हे, मान्य. आणि स्टेंट टाकायला जागा नाही म्हणजे उपचार नाही असंही नाही, बीपी, कोलेस्टेरॉल, दुखण्यावरच्या गोळ्या, सगळं आहे.

गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का, हे हार्टच्या ओपीडीत कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगा, वीस वर्षं झाली असली तरी, त्याने पुढचा धोका वाढतो.