ब्रेडचा चुरा पाणी इतक्या चटकन का शोषतो?

ब्रेडच्या पुड्यातल्या कडा आणि शेवटचे एकदोन तुकडे बहुतेक घरांत उरतातच. त्यांचा चुरा कटलेट किंवा पॅटिसच्या सारणात मिसळायला आणि वरून घोळवायला उपयोगी पडतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्याच कामासाठी रवा किंवा मैदा घेतला तर पदार्थ निराळा का होतो, याचे उत्तर चुऱ्यातला स्टार्च आधी एकदा शिजून गेलेला असतो, या साध्या गोष्टीत आहे.

गव्हाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सुमारे एक चतुर्थांश अमायलोज आणि उरलेला अमायलोपेक्टिन. कच्च्या पिठात हे रेणू घट्ट कणांमध्ये बांधलेले असल्याने थंड पाणी त्यांच्यात फारसे शिरत नाही. पाव भाजताना आतले तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की हे कण पाणी घेऊन फुगतात आणि त्यांची मूळ बांधणी सुटते. पाव निवला की रेणू पुन्हा एकमेकांजवळ सरकून रांगेत बसू लागतात. अमायलोजचे हे काम काही तासांत उरकते, अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. पाव शिळा होतो तो मुख्यतः यामुळे. झां-बाप्तिस्त बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1852 मध्ये दाखवून दिले होते की पावातले पाणी उडू दिले नाही तरी तो शिळा होतोच आणि तापवल्यावर पुन्हा मऊ पडतो.

म्हणजे शिळा पाव आणि वाळलेला पाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताज्या ब्रेडमध्ये 35 ते 40 टक्के पाणी असते आणि नुसत्या शिळ्या ब्रेडमध्येही त्यातले बरेचसे शिल्लक राहते, त्यामुळे असा ब्रेड मिक्सरमध्ये घातला तर चुरा न होता त्याचे ओलसर गोळे होतात. तुकडे मंद ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर अगदी बारीक आचेवर, कडकन मोडेपर्यंत वाळवून मगच दळावेत. फ्रिजमध्ये ठेवून हे काम होत नाही. तिथल्या थंडाव्यात स्टार्चचे रेणू उलट लवकर रांगेत बसतात, पण पाणी आतच राहते. बुरशीचा ठिपका दिसलेला ब्रेड मात्र चुऱ्यासाठीही घेऊ नये. बुरशीचे तंतू ठिपक्याच्या पलीकडे पसरलेले असतात आणि तिची काही विषद्रव्ये तळण्याच्या उष्णतेतही टिकून राहतात.

तीन बशांमध्ये एकेक चमचा रवा, मैदा आणि चुरा घेऊन प्रत्येकावर थोडे पाणी घालून पाहावे. रव्यातले पाणी दाण्यांच्या फटींतून बशीच्या तळाशी उतरते. मैद्याच्या बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात. चुरा पाणी जागच्या जागी पिऊन फुगतो, तरीही बोटांनी चोळल्यास त्याचे कण मोकळे होतात. यीस्टच्या बुडबुड्यांनी त्याला बारीक छिद्रे दिलेली असतात, भट्टीच्या उष्णतेने स्टार्चचे कण उलगडलेले असतात आणि ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांची, जाळी एकदाच घट्ट बसलेली असल्याने कितीही मळले तरी त्याची नव्याने कणीक होत नाही. म्हणूनच मैदा घातलेले कटलेट चिवट होते आणि चुरा घातलेले होत नाही.

चुरा कटलेट बांधतो, असे आपण म्हणतो, पण ते पूर्णपणे खरे नाही. बीट, गाजर आणि कोबीला मीठ लागले की पाणी सुटते आणि ते पाणी उकडलेल्या बटाट्याची पकड सैल करते. चुरा हे मोकळे पाणी उचलतो, बांधण्याचे काम बटाट्याचा स्टार्चच करतो. चुरा घातल्यावर सारण दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवले तर किती पाणी शोषले गेले ते कळते. त्याआधीच घाईने आणखी चुरा घातला की कटलेट कोरडे होऊन कडेला तडकते.

बाहेरच्या आवरणाचे गणित वेगळे आहे. अंड्यातली प्रथिने तापली की घट्ट होतात आणि चुरा धरून ठेवतात. शाकाहारी स्वयंपाकात ते काम कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याच्या पातळ पेस्टला करावे लागते आणि इथे कच्चा स्टार्चच हवा, कारण तो तेलात शिजतानाच चुऱ्याला चिकटवतो. तेल 170 ते 180 अंशांवर असले की सारणातले पाणी वाफ होऊन चुऱ्याच्या फटींतून बाहेर पडते आणि आवरण कुरकुरीत होते. सुरणाच्या किंवा वांग्याच्या कापांना मात्र मी रवाच लावेन: त्याचा टणक दाणा तव्यावर सावकाश परतताना टिकतो, तर चुऱ्यात प्रथिनांचे घटक आणि साखर असून पाणी जवळजवळ नसल्यामुळे मेयार अभिक्रिया, म्हणजे या दोन घटकांमुळे उष्णतेत तपकिरी रंग येण्याची क्रिया, लगेच सुरू होते आणि काप आत शिजण्याआधीच तो करपू लागतो. चुऱ्यात घोळवायचे सारण आधीच शिजलेले असावे, ते याचसाठी. रंगही सोनेरी असतानाच पदार्थ काढावा. स्टार्चयुक्त पदार्थ फार तापले की ॲक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक ठरू शकणारे रसायन तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी 2002 मध्ये जाहीर केले आणि गडद तपकिरी आवरणात त्याचे प्रमाण वाढते.

घोळवून झाल्यावर ताटात उरलेला चुरा बरणीत परत टाकू नये. पेस्टचे थेंब लागल्याने तो ओलसर झालेला असतो आणि बरणीतल्या कोरड्या चुऱ्यालाही बुरशी लावतो. त्याच दिवशी तो रश्शात घालून उकळला तर रस्सा दाट होतो आणि मैद्यासारख्या गुठळ्याही होत नाहीत.