मोबिलिझॉन

मोबिलिझॉन हे सभा, मोर्चे, व्याख्याने, कार्यशाळा असे सामुदायिक कार्यक्रम जाहीर करण्यासाठी आणि त्यांची आखणी करण्यासाठी तयार केलेले मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येईल असे सॉफ्टवेअर आहे. फेसबुक आणि समान आवडीच्या लोकांचे गट व भेटी जुळवणारे मीटअप या व्यापारी सेवांना पर्याय म्हणून फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने ते घडवले. पहिली पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली.

फ्रान्समध्ये २०१८ साली हवामानबदलाच्या प्रश्नावर मोठे मोर्चे निघाले, त्यांची बरीचशी जुळवाजुळव फेसबुकवर झाली. मोर्चाला कोण येणार, कोणाबरोबर येणार, ही माहिती जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीच्या हाती जाणे फ्रामासॉफ्टला धोक्याचे वाटले, आणि ते योग्यच होते. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या मीटअपची अडचण वेगळी होती. तेथे गट चालवण्याचे शुल्क आयोजक भरतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये काही गटांत नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाकडून २ डॉलर घेण्याचा प्रयोग झाला, तेव्हा आयोजक खवळले. गट वर्षानुवर्षे जोपासावा आयोजकांनी, पण सदस्यांची यादी आणि दर मात्र कंपनीच्या हाती, हे त्या वेळी अनेकांच्या पहिल्यांदाच ध्यानात आले. त्याच वर्षी फ्रामासॉफ्टने मोबिलिझॉनसाठी लोकवर्गणी मागितली आणि ५० हजार युरोंचे उद्दिष्ट ओलांडले गेले.

मोबिलिझॉनचा एकच मध्यवर्ती सर्व्हर नाही. कोणतीही संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकते आणि असे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणित पद्धतीने एकमेकांशी जोडता येतात. ईमेलमध्ये जसा एका सेवेवरचा माणूस दुसऱ्या सेवेवरच्याला पत्र पाठवतो, तसेच हे. एका सर्व्हरवर खाते असलेल्याला दुसऱ्या सर्व्हरवरील कार्यक्रमात सहभागी होता येते. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यमही हीच पद्धत वापरते. सॉफ्टवेअर एलिक्झर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असून परवाना एजीपीएलचा आहे, म्हणजे त्यात फेरफार करून सेवा देणाऱ्याला ते फेरफारही वापरकर्त्यांना खुले करावे लागतात.

सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय ओळखीसंबंधीची आहे. एकाच खात्यात अनेक प्रोफाइल ठेवता येतात: गायनवर्गासाठी एक, कामगार संघटनेसाठी दुसरे. एकाचा दुसऱ्याशी संबंध इतरांना दिसत नाही. आयोजकाने मुभा दिली असेल, तर खाते न उघडताही येतो म्हणून कळवता येते. फक्त ईमेल द्यायचा आणि आलेल्या दुव्यावर खात्री करायची. गटांना चर्चा आणि कागदपत्रांसाठी जागा मिळते. जाहिराती नाहीत.

उणिवाही आहेत. तिकिटाचे पैसे घेण्याची व्यवस्था यात नाही. त्यासाठी जर्मनीत तयार झालेले प्रीटिक्स हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरता येते. इटलीतील गान्चो हे सॉफ्टवेअर मोबिलिझॉनहून साधे आहे, गावातील कार्यक्रमांची सामाईक दिनदर्शिका एवढेच त्याचे काम. आपल्याकडे फॉस युनायटेड ही भारतीय संस्था आपले मेळावे स्वतःच्याच मुक्तस्रोत मंचावरून चालवते. तो मंच मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या फ्रॅपे फ्रेमवर्क या सॉफ्टवेअर घडवण्याच्या तयार साच्यावर उभा आहे.

मोठी अडचण मात्र तांत्रिक नाही. फेसबुकवर लोक आधीच असतात, इथे त्यांना बोलावून आणावे लागते. सर्व्हर सांभाळायला, कोणी टाकलेल्या खोट्या जाहिराती काढायला कोणीतरी सतत लागते आणि हे काम बहुधा स्वयंसेवकच करतात. २०२४ मध्ये फ्रामासॉफ्टने मोबिलिझॉनच्या विकासाची धुरा कायहुरी या संस्थेकडे सोपवली.