अज्ञात घातांकात जाऊन बसतो तेव्हा

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एओ ६७७० या क्रमांकाची मातीची एक पाटी आहे. ती बॅबिलोनियातली, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावरच्या एका उदाहरणात विचारले आहे की सालाला वीस टक्के व्याज आणि दर वर्षी ते मुद्दलात मिळवायचे, असे असेल तर रक्कम दामदुप्पट व्हायला किती काळ लागेल?

आज हेच आपण १.२^क्ष = २ असे मांडू. (^ या खुणेनंतर येतो तो घातांक. १.२ ही संख्या क्ष वेळा घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, एवढाच तिचा अर्थ.) मांडणी एका ओळीची आहे, पण शाळेत शिकलेली सगळी हत्यारे इथे बोथट ठरतात. २क्ष + ३ = ११ सोडवताना ३ पलीकडे नेले, २ ने भागले, की क्ष मोकळा होतो. इथे दोन्ही बाजूंना १.२ ने भागून बघा. १.२^(क्ष−१) = १.६६… असे काहीतरी मिळते आणि क्ष होता तिथेच, वर बसलेला राहतो. शंभर वेळा भागले तरी तो खाली उतरणार नाही. घातांकी समीकरणांची सगळी कला या एका प्रश्नात आहे: त्याला खाली आणायचे कसे?

त्या पाटीवरच्या गणित्याने त्याला खाली आणलेच नाही, दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडले. तीन वर्षांनी एकाचे १.७२८ होतात, चार वर्षांनी २.०७३६. म्हणजे उत्तर तीन आणि चारच्या मध्ये. चौथ्या वर्षात एकूण वाढ ०.३४५६, त्यातली आपल्याला हवी फक्त ०.२७२. मग त्रैराशिक मांडले आणि वर्षाचा ०.७८७ इतका भाग निघाला. पाटीवरचे उत्तर त्यांच्या साठ पायाच्या अंकपद्धतीत आहे. महिना तीस दिवसांचा धरला तर ते तीन वर्षे, नऊ महिने आणि सुमारे तेरा दिवस असे येते. आजच्या गणकयंत्रावर क्ष = ३.८०१८ मिळते, म्हणजे तीन वर्षे, नऊ महिने आणि साधारण साडेअठरा दिवस. फरक जेमतेम पाच दिवसांचा!

हे पाच दिवस कुठून आले तेही बघण्यासारखे आहे. त्रैराशिक वाढ सरळ रेषेत धरते. चक्रवाढीचा आलेख मात्र वर वळत जातो. वर्षाच्या सुरुवातीला तो सरळ रेषेच्या खाली रेंगाळतो आणि शेवटी वेग घेतो, त्यामुळे २ ची पातळी थोडी उशिरा गाठतो. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर मला बॅबिलोनचेच उत्तर अधिक खरे वाटते. व्याज वर्षाअखेरीलाच मुद्दलात मिळवायचे आणि वर्षाच्या आत दिवसांच्या हिशेबाने सरळ व्याज धरायचे असे ठरले असेल, तर त्यांचे उत्तर तंतोतंत बरोबर आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त झाले तरी सावकाराला एका वेळी मुद्दलाइतकेच व्याज वसूल करता येई, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही हा नियम मानत. अशा ठिकाणी पाच दिवसांचा फरकसुद्धा किरकोळ नाही.

शाळेत या समीकरणांची पहिली ओळख होते ती सोप्या वाटेने: दोन्ही बाजूंचा पाया, म्हणजे ज्याचा घात घ्यायचा ती खालची संख्या, एकच करा. ८^(क्ष−१) = ४^क्ष दिले असेल तर ८ म्हणजे २ चा घन, ४ म्हणजे २ चा वर्ग, म्हणून २^(३क्ष−३) = २^(२क्ष). पाया सारखा, तर घातांकही सारखे: ३क्ष − ३ = २क्ष, म्हणून क्ष = ३. इथे क्ष अलगद खाली उतरला. पण तो का उतरला हे बहुतेक वेळा सांगितलेच जात नाही. २ चे घात कधी मागे फिरत नाहीत. घातांक वाढला की किंमत वाढतेच, म्हणून एक किंमत दोन वेगवेगळ्या घातांकांना मिळू शकत नाही. पाया १ असता तर हा नियम कोसळला असता, कारण १ चा पाचवा घात आणि आठवा घात एकच असतात आणि त्यावरून ५ = ८ होत नाही.

ही वाट चालते ती परीक्षकाने आकडे जुळवून दिलेले असतात तोवरच. २^क्ष = ३२ ठीक आहे. २^क्ष = १० आले की पाया जुळवायला काही उरत नाही. इथे प्रश्न उलटा विचारावा लागतो: दोनाचे किती गुणाकार केले म्हणजे दहा होतील? हा उलटा प्रश्न भारतात फार पूर्वी विचारला गेला होता. जैन आचार्य वीरसेन यांनी नवव्या शतकात षट्खंडागम या जैन आगमग्रंथावर ‘धवला’ ही टीका लिहिली. तीत ‘अर्धच्छेद’ येतो. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद पाच. तिसरा भाग आणि चौथा भाग घेत जाण्याचीही कल्पना तिथे आहे, आणि दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही आहे. हा ग्रंथ छापील स्वरूपात आला तो आपल्या अमरावतीतून. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हीरालाल जैन यांनी त्याचे संपादन केले आणि पहिला खंड १९३९ मध्ये निघाला. गणिताच्या इतिहासात अमरावतीचे नाव या निमित्ताने आणखी घेतले जायला हवे.

युरोपात स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगॅरिदमची, थोडक्यात लॉगची, कोष्टके प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज त्यांना भेटायला एडिंबरोला गेले. १ चा लॉग शून्य आणि १० चा लॉग एक असावा, असे दोघांचे ठरले, आणि ब्रिग्ज यांनी तशी कोष्टके करायला घेतली. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात आपली मुले आजही जे लॉग टेबल उघडतात, ते त्याच वंशातले. गंमत अशी की नेपियर यांना घातांकी समीकरणे सोडवायची नव्हती. खगोलशास्त्रातले कंबरडे मोडणारे गुणाकार-भागाकार त्यांना बेरीज-वजाबाकीवर आणायचे होते. लॉग म्हणजे मुळात घातांकच (१० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा), ही गोष्ट लेओनार्ड ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे पायाशी ठेवली, आणि तेव्हापासून लॉगचा एक नियम आपल्या कामाचा झाला: लॉग(अ^क्ष) = क्ष × लॉग अ. वरचा क्ष खाली येऊन साध्या गुणाकारात उभा राहिला. दामदुपटीचे उदाहरण मग दोन ओळींत संपते. क्ष = लॉग २ ÷ लॉग १.२, म्हणजे ०.३०१० ÷ ०.०७९२, म्हणजे ३.८०. चार दशांश स्थळांच्या टेबलातून एवढी अचूकता पुरे.

ऑयलर यांच्या त्या ग्रंथात कर्जाचे एक उदाहरण आहे, आणि घरकर्जाचा हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी हाताने सोडवावे असे मला मनापासून वाटते. एका माणसाने चार लाख फ्लोरिन (हे तेव्हाचे युरोपातले नाणे) कर्ज घेतले, दर सालाला पाच टक्के. दर वर्षी तो पंचवीस हजार फेडतो. कर्ज कधी फिटेल?

पहिल्या वर्षाचे व्याजच वीस हजार. म्हणजे हप्त्यातले फक्त पाच हजार मुद्दलाला लागले. त्या पाच हजारांवरचे अडीचशे रुपयांचे, म्हणजे अडीचशे फ्लोरिनचे, व्याज पुढच्या वर्षी वाचते, म्हणून दुसऱ्या वर्षी मुद्दलातून ५,२५० जातात. तिसऱ्या वर्षी त्याच्या १.०५ पट, आणि असेच पुढे. मुद्दलफेडीची ही रक्कम स्वतः चक्रवाढीने वाढते आहे! क्ष वर्षांची ही फेड मिळवली तर १,००,००० × (१.०५^क्ष − १) येते. ती चार लाख व्हायला हवी, म्हणून १.०५^क्ष = ५. लॉग घ्या: ०.६९९० ÷ ०.०२१२. उत्तर तेहतीस वर्षांना किंचित कमी. चार लाखांच्या कर्जापोटी त्या माणसाने एकूण सव्वाआठ लाखांच्या आसपास मोजले.

आता हप्ता पाच हजारांनी वाढवून तीस हजार करा. उजवीकडचा ५ कुठून आला होता? हप्ता भागिले, हप्त्यातून पहिल्या वर्षाचे व्याज वजा करून उरलेली रक्कम: २५ ÷ (२५ − २०). आता तो ३० ÷ (३० − २०), म्हणजे ३ होईल. १.०५^क्ष = ३ चे उत्तर साडेबावीस वर्षे. हप्ता एक पंचमांशाने वाढला आणि मुदत साडेदहा वर्षांनी घटली. एकूण फेड सव्वाआठ लाखांवरून पावणेसात लाखांवर आली. उलट हप्ता वीस हजारांवर आणला तर छेदात शून्य येते. म्हणजे उत्तरच नाही, कर्ज कधीच फिटणार नाही. बँकेच्या कागदांवर हप्ता आणि मुदत शेजारी शेजारी छापलेल्या असतात, पण दोघांमधले नाते असे वाकडे आहे हे तिथे दिसत नाही. समीकरणात ते डोळ्यांपुढे येते.

लॉग हाती आले म्हणून सगळीकडे चालवता येत नाही. ४^क्ष − २^क्ष − ६ = ० हे बघा. प्रत्येक पदाचा सुटा सुटा लॉग घ्यायचा मोह इथे हमखास होतो, आणि तिथेच उदाहरण फसते. बेरजेच्या लॉगला तोडणारा कोणताही नियम नाही, नियम गुणाकाराचा आहे. त्याऐवजी २^क्ष ला त म्हणा. ४^क्ष म्हणजे त चा वर्ग. दहावीचे ओळखीचे वर्गसमीकरण समोर येते: त² − त − ६ = ०, म्हणून त = ३ किंवा −२. यातला −२ सोडून द्यायचा, कारण २ चा कोणताही वास्तव घात ऋण नसतो. उरते २^क्ष = ३, आणि क्ष = ०.४७७१ ÷ ०.३०१० = १.५८५.

काही समीकरणांत तर क्ष वरही असतो आणि खालीही. २^क्ष = क्ष² मध्ये २ आणि ४ ही उत्तरे नुसत्या नजरेने सापडतात. लॉग घेतला तर क्ष × लॉग २ = २ × लॉग क्ष. वरचा क्ष उतरला, पण खालचा लॉगच्या आत अडकला. याला तिसरेही एक उत्तर आहे, आणि ते ऋण आहे. ते शोधायला पुन्हा पाटीवरचीच युक्ती कामी येते. क्ष = −०.७५ ला डावी बाजू ०.५९५ आणि उजवी ०.५६३, तर −०.८ ला डावी ०.५७४ आणि उजवी ०.६४. उजवी बाजू मागे होती ती पुढे गेली, म्हणजे उत्तर मध्ये कुठेतरी आहे. जवळ जवळ जात राहिले की −०.७६६७ मिळते. अशा जातीच्या समीकरणांसाठी आज एक स्वतंत्र फल (फंक्शन) वापरतात. त्याला योहान लँबर्ट यांचे नाव आहे, कारण १७५८ मध्ये त्यांनी हाताळलेल्या एका समीकरणाशी त्याचे नाते आहे. पण त्या फलाची किंमत काढतानाही शेवटी संगणक जवळ जवळच सरकत असतो.

उत्तर पूर्णांकातच हवे असा हट्ट धरला की लॉग आणि कोंडी दोन्ही अपुरी पडतात. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ मध्ये स्थापन झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. या सोसायटीच्या नियतकालिकात १९१३ मध्ये रामानुजन यांनी वाचकांना एक प्रश्न घातला: २^न − ७ ही संख्या न = ३, ४, ५, ७ आणि १५ असताना पूर्ण वर्ग असते, आणखी न शोधा. पडताळून बघा: १, ९, २५, १२१ आणि ३२,७६१. शेवटची १८१ चा वर्ग आहे.

न सम असेल तर हा प्रश्न आपणही निकालात काढू शकतो. न = २क धरा आणि वर्ग म² असू द्या. मग (२^क − म) × (२^क + म) = ७. सात ही मूळ संख्या, म्हणून एक अवयव १ आणि दुसरा ७ हवा. बेरीज केली तर २ × २^क = ८, म्हणून क = २ आणि न = ४. म्हणजे चारखेरीज एकही सम न नाही, आणि त्यासाठी एकही मोठी संख्या तपासावी लागली नाही. न विषम असेल तेव्हा मात्र असे अवयव पडत नाहीत. तिथे −७ चे वर्गमूळ सामावून घेणाऱ्या संख्यांच्या दुनियेत जावे लागते. नॉर्वेचे ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले की रामानुजन यांची पाच उत्तरे हीच सगळी उत्तरे आहेत, सहावे नाही. पुढे १९६० मध्ये रॉजर आपेरी यांनी दाखवले की ७ च्या जागी दुसरी कोणतीही विषम धन संख्या घेतली तर जास्तीत जास्त दोनच उत्तरे मिळतात. २३ घेतली तर ती दोन्ही मिळतात: ३२ − २३ म्हणजे ३ चा वर्ग, आणि २०४८ − २३ म्हणजे ४५ चा.