पार्श्वभूमी : बेगीन स्त्रिया आणि व्हिएनचा दुतोंडी हुकूम

मध्ययुगीन युरोपात बायकांच्या वस्तीत राहून भक्ती आणि कष्ट करणारी ख्रिस्ती बाई म्हणजे बेगीन. ती नन नव्हे, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कायमचं व्रत नाही, मठाची नियमावली नाही. घर, शेत, पैसा स्वतःच्याच नावावर. वस्तीत राहतेस तोवर ब्रह्मचर्य पाळ आणि प्रमुख बाईचं ऐक. उद्या लग्न करावंसं वाटलं तर बोचकं उचल आणि नीघ. बाराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या आसपास अशा बायका एकत्र राहू लागल्या आणि १२१५ मध्ये रोमच्या परिषदेने नवे पंथ काढायला बंदी घातली. पुढच्याच वर्षी पोपकडून त्यांना एकत्र राहायची परवानगी मिळाली, पण ती तोंडी. १२३३ मध्ये पोपचं संरक्षणपत्र आलं, तरी नियमावली आली नाहीच. म्हणजे ना संसारी, ना संन्यासी.

नावही त्यांनी घेतलेलं नाही, लोकांनी चिकटवलेलं. कोणी ते ‘पुटपुटणे’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतं, कोणी न रंगवलेल्या लोकरी कापडाशी, तर कोणी दक्षिण फ्रान्समधल्या पाखंड्यांच्या नावाशी. त्यातलं शेवटचं खरं असेल, तर शिवी आधी आली आणि आरोप मागून. शिवाय शब्द एक आणि माणसं तीन प्रकारची. फ्लँडर्समधली (आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग) बेगीन एका जागी राहून लोकर धुणारी. ऱ्हाइनकाठचा बेगार्ड हा पुरुष, बऱ्याचदा ‘देवासाठी भाकर’ असं ओरडत फिरणारा. आणि दक्षिण फ्रान्समधले ‘बेगँ’ हे फ्रान्सिस्कन तिसऱ्या पंथाचे, म्हणजे संसारात राहून संत फ्रान्सिसची वाट धरणाऱ्यांच्या संघाचे, स्त्री-पुरुष. त्यांचं भांडण ख्रिस्ताच्या दारिद्र्यावरून, म्हणजे त्याच्याकडे मालमत्ता होती की नाही यावरून होतं. लॅटिन कागदांत तिघांनाही जवळजवळ एकच नाव. त्यामुळे ‘अमुक साली बेगीन जाळले’ असं वाचलं, की आधी गाव कोणतं ते बघावं. १३१७ नंतर नार्बोन परिसरात जाळलेले लोक फ्लँडर्सच्या बायकांच्या हिशेबात धरले, की सगळं चित्रच बिघडतं.

वादाचा खरा मुद्दा १३११-१२ मध्ये व्हिएनला भरलेल्या चर्च परिषदेचा. ही व्हिएन ऱ्होन नदीकाठची, ऑस्ट्रियातली व्हिएन्ना नव्हे. परिषदेच्या आदल्या वर्षी, १ जून १३१० रोजी, पॅरिसमध्ये एका लेखिकेला जाळलं होतं. तिच्या पुस्तकातून वाक्यं वेगळी काढून ती २१ धर्मपंडितांपुढे ठेवली गेली आणि त्यांनी ती पाखंडी ठरवली. कागदांत तिचा उल्लेख बेगीन म्हणूनच आहे. व्हिएनचे दोन हुकूम या सावलीत लिहिले गेले.

एका हुकुमात जर्मनीतल्या बेगार्ड-बेगीनांच्या माथी आठ चुका मारल्या आहेत. माणूस या जन्मीच इतका पूर्ण होतो की त्याच्या हातून पाप घडत नाही; अशाला उपास-प्रार्थनेची गरज नाही; मिस्सा या चर्चच्या मुख्य उपासनाविधीत ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, उंचावलं तरी उठून उभं राहायला नको, वगैरे. दुसरा हुकूम थेट बायकांवर. या कुणाच्या आज्ञेत नाहीत, मालमत्ता सोडत नाहीत, मंजूर नियमावली पाळत नाहीत, तरी वेश घालतात आणि त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या तत्त्वावर, वाद घालतात. म्हणून त्यांची राहणी कायमची बंद, न ऐकल्यास धर्मबहिष्कार. आणि मग त्याच हुकुमाच्या शेवटी एक वाक्य येतं: ब्रह्मचर्याचं वचन देऊन किंवा न देताही, आपापल्या निवासात सचोटीने राहून प्रायश्चित्त करू पाहणाऱ्या श्रद्धाळू बायकांना आमची मनाई नाही.

म्हणजे वर जे बंद केलं, तेच खाली चालू. हे वाक्य मुळात होतं की मागून घुसवलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हुकूम लागू झाला तो १३१७ मध्ये, तोवर परिषद भरवणारा पोप वारलेला होता. माझ्या मते ते वाक्य कधी आलं यापेक्षा ‘सचोटीने’ म्हणजे काय हे कुणीच सांगितलं नाही, हे जास्त महागात पडलं. ठरवणार कोण, तर स्थानिक बिशप. स्ट्रासबुर्गमध्ये बायकांना वेश उतरवायला लावला. कित्येकींनी फ्रान्सिस्कन तिसऱ्या पंथाचा आसरा घेतला, कारण त्याला १२८९ पासून पोपची मंजूर नियमावली होती. १३१८ मध्ये पोपला वेगळं पत्र काढून सांगावं लागलं, की चांगल्या बेगीनांना त्रास देऊ नका.

फ्लँडर्समध्ये चौकश्या झाल्या. गेंटचा १३२८ चा अहवाल वाचला तर बचाव कसा उभा केला ते कळतं. श्रद्धेच्या तत्त्वांवर फारसं बोलणंच नाही. दिनक्रमच पुढे केलेला. पहाटे उठून चर्चमध्ये आपापल्या ठरलेल्या जागी, मिस्सा झाली की घरी, मग दिवसभर मुकाट्याने काम. काम कोणतं, तर शहरातून आलेली लोकर धुणे आणि कापड साफ करणे. खाणं म्हणजे पाव आणि भाजीचं पातळ कालवण. मालकीचं थोडंफार ते स्वतःचंच. कुठल्या बाईला त्रैक्यावर वाद घालायला फुरसत आहे, असा एकूण सूर. तो चालला.

पुढचं भराभर. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांत बऱ्याच वस्त्या मोडल्या, सतराव्यात पुन्हा भरल्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मालमत्ता सरकारी दानसंस्थांकडे गेली. पॅरिसमध्ये जाळलेल्या बाईचं पुस्तक निनावी प्रतींतून शतकानुशतकं वाचलं जात होतं. ते तिचं आहे हे १९४६ मध्ये उघड झालं. १९९८ मध्ये फ्लँडर्समधल्या १३ वस्त्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या आणि शेवटची बेगीन २०१३ मध्ये कोर्ट्राइकला वारली. लूव्हनची मोठी वस्ती १९६२ मध्ये विद्यापीठाने विकत घेतली, तिथे आता विद्यार्थी राहतात. ब्रूजच्या वस्तीत १९२७ पासून बेनेडिक्टाइन नन आहेत, रीतसर व्रत घेतलेल्या.